पेशीत न मावलेला धागा

गावंडे सरांना कशाचीही लाज वाटत नसे, हे आधीच सांगून टाकते. बोंडअळीनं अमरावती-अकोल्याची कपाशी पार खाऊन टाकली, त्या वर्षी सर वर्तमानपत्रांतून अळी मारत सुटले होते.

प्रत्यक्ष काम जेबाचं. आम्ही दोघी अमरावतीत त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. तिनं प्रयोगशाळेत एक रेणू घडवला होता. तो अळीच्या जिवंत पेशीत शिरून गप्प बसायचा. प्रकाश पाडला की त्याच्यावरचं टोपण गळायचं, मग ते रेणू आपले आपणच एकमेकांना चिकटून पेशीच्या आत धागे विणायचे आणि पेशी मरायची. कुठे आणि कधी विणायचं, एवढं जेबाच्या हातात. फोटोत ते धागे फिकट, अगदी बारीक दिसत. उठून दिसत नाहीत, म्हणून सर नाक मुरडायचे.

जेबा अकोटची, घरचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. सोमवारी ती एसटीतून उतरून आली की सर तिला ओढणी दाराबाहेर झटकायला लावायचे, रुईचे, कापसाचे तंतू येतात म्हणून. स्वतः मात्र मोझरीकडच्या एका सत्कारातून आले ते गळ्यातल्या सुताच्या हारासकट सूक्ष्मदर्शकावर ओणवे झाले, खाली पेशींची बशी उघडी. आणि धागा दिसला. जाडजूड, निळा, झगझगीत. सरांनी फोटो काढला आणि पेढे मागवले.

प्रबंधात हाच फोटो लागेल, तुझे काढून टाक, नाहीतर सही विसर, असं त्यांनी जेबाला बजावलं. मी तिला म्हटलं, घाल बाई आणि सूट एकदाची.

"खोट्यावर सही घेऊन करू काय? माहा धागा खरा हाय, रागिणी."

प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाला नागपूरहून एक प्राध्यापक बाई आल्या. रीतीप्रमाणे त्यांच्या गळ्यात सुताचा हार पडला. सरांनी एक स्वतःलाही घालून घेतला. पडद्यावर तो फोटो आला, तेव्हा बाईंनी जेबाला विचारलं, हे तुझं काम का?

जेबा उठली. रागात तिची अकोटची बोली बाहेर आली. "नाई मॅडम. हा धागा पेशीहून जाड हाय. जो पेशीत मावत नाई, तो तिच्यात बनन कसा? कापूस हाय हा. सरायच्या हारातला. पांढरं केलेलं सूत सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली निळं चमकतेच."

तिच्या ओढणीचा असेल, सर म्हणाले. बाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी जेबाचे फिकट फोटो मागवले. प्रकाश पडला तेवढ्याच पेशींत धागे होते, शेजारच्या कोऱ्या. बाईंनी ते एकेक करून तपासले. काम हे आहे, हेच प्रबंधात जाईल, म्हणाल्या.

माझंच मार्गदर्शन, सर लगेच म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा. तिथल्या तिथे सहीही ठोकली.

बाईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. सरांनी आपला तसाच ठेवला. वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा होता ना.