आतून बसवलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! तरुणपणी माझा असा दरारा होता की वारासुद्धा मला विचारून आत शिरायचा. एकदा वादळाने छप्पर नेले, भिंती नेल्या; मी मात्र दार धरून उभी! खोटे वाटत असेल तर त्या दाराला विचारा.

लोहाराने मला घडवले आणि वीटभट्टीच्या मालकाने मजुरांच्या खोलीला बाहेरून बसवले. उचल घेतलेली माणसे पळू नयेत म्हणून मुकादम रोज मला लावी, पहाटे काढी. "अशी राखण कुत्रासुद्धा करणार नाही," म्हणे. आतले मूल रडू लागले की ते कौतुक मला टोचे.

एके दिवशी सरकारी गाड्या आल्या. माणसे सुटली, मी भंगारात गेले. पुढे एका सुताराने मला उचलले आणि त्याच भट्टीवरून सुटलेल्या सासूसुनेच्या नव्या खोलीला आतून बसवले.

सुनेला कपडे धुण्याच्या कारखान्यात काम मिळाले होते. पहिल्याच दिवशी गाडी चुकली तर जागा दुसरीला जाणार होती. सून वेणी घालून, चपला चढवून दाराशी बसली. दार नुसते लोटलेले होते. मला कुणी लावलेच नव्हते! तरी ती बसूनच. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण लोखंडाचे ऐकतो कोण?

अखेर सुटलेल्या मजुरांची देखभाल करणारी संस्थेतली ताई धावत आली.

"अगं, आहेस कुठे? ड्रायव्हर करवादतोय!"

"कधीची तयार आहे, ताई. कुणी उघडलंच नाही."

"कोण उघडणार? बाहेर कडीच नाही!"

मग सासू खेकसली, "बये, ओढ की ते दार!"

दार उघडले तेव्हा गाडी गेली होती.

"चल चालत. साहेबांशी मी भांडते," ताई म्हणाली.

सून उंबऱ्यावर अडखळली. "जाऊ?"

कुणाला विचारले, तिलाही ठाऊक नव्हते.

जागा कशीबशी वाचली. पण दुसऱ्या सकाळी सून पुन्हा तशीच दाराशी बसली. ताई लवकर आली होती. तिने दार मात्र ढकलले नाही. बाहेर उभी राहून ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिली, आतला हात दारापर्यंत येईतो.

मित्रांनो, कुणाला सोडवलेत तर टाळ्या वाजवून लगेच घरी जाऊ नका. थोडे दाराबाहेर थांबा.