ब्रेकवरचा पाय

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणत आणि हे बाईंना ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट थोडी ऐटच होती. बावीस वर्षांत शेकडो नवशिके त्यांच्या शेजारी बसून भिंतींवर, खांबांवर, आणि एकदा तर चौकात उभ्या असलेल्या पोलिसावर चालून गेले होते. दर वेळी शिकवणाऱ्याच्या बाजूला असतो तो दुसरा ब्रेक कामी आला होता. म्हणजे खरं तर बाईंचा उजवा पाय कामी आला होता. समोरच्याच्या डोळ्यांत भीती उमटायच्या आत तो पाय खाली गेलेला असायचा. त्याला कुणी सांगावं लागत नसे.

आता तोच पाय दर रविवारी सकाळी बाईंचं नाक कापत होता.

झालं होतं असं, की त्यांच्या पंधरा वर्षांच्या लेकीने स्केटबोर्ड शिकायचा हट्ट धरला. बाई पहिल्या रविवारी तिला सोडायला म्हणून गेल्या, कठड्यावर बसून राहिल्या आणि दुसऱ्या रविवारी स्वतःचाच फॉर्म भरून आल्या.

"वय किती लिहिलंस?" नवऱ्याने विचारलं.

"आहे तेच. शेहेचाळीस."

"आणि तरी घेतलं त्यांनी?" असं म्हणून तो बर्फाचे ट्रे भरून ठेवायला गेला. माणूस कमी बोलायचा, पण पुढचं बघून वागायचा.

बाईंना ना तरुण दिसायचं होतं, ना वजन कमी करायचं होतं. कारण निराळंच होतं. लेक घरात गेले सहा महिने तीनच शब्दांवर भागवत होती: हं, नको आणि माहीत नाही. त्या बोर्डावर मात्र ती आईशी सलग वाक्यं बोलायची. "आई, गुडघे वाकव. आई, खाली काय बघतेस, काही सांडलंय का तुझं? आई, हात असे काय धरलेस, कपडे वाळत घालतेस का?" सगळी बोलणी टोचून. पण आठवडाभराचं मौन एका पारड्यात आणि हा तास दुसऱ्या पारड्यात टाकला, तर बाईंच्या लेखी तासच जड होता. पहिले तीन आठवडे त्या अशा आनंदाने बोलणी खात होत्या, की बघणाऱ्याला वाटावं यांचे सत्कार-समारंभ चाललेत.

मग आली ऑली.

ऑली म्हणजे बोर्डासकट मारायची साधी उडी. साधी असं फक्त ज्यांना जमते ते म्हणतात. पुढचा पाय बोर्डाच्या मधोमध आडवा ठेवायचा. मागच्या पायाचा चवडा बोर्डाच्या शेपटीवर. खाली बसायचं, चवड्याने शेपटी जमिनीवर 'टक्' आपटायची आणि त्याच क्षणी तो पाय उचलून हवेत जायचं. पुढच्या पायाची कड बोर्डावरून घासत वर न्यायची, की बोर्ड मागोमाग येतं. बाईंचं सगळं बरोबर यायचं. बसणं बरोबर, आपटणं बरोबर. फक्त आपटून झाल्यावर मागचा पाय तिथेच. आवाज 'टक्' यायच्या ऐवजी 'धप्प' यायचा. बोर्डाचं नाक आभाळाकडे, शेपटी जमिनीला चिकटलेली, आणि त्यावर बाई, दाराच्या उंबरठ्याला ठेच लागून जागीच थिजल्यासारख्या.

"ताई," कोच म्हणाला, "तुम्ही दाबताय. दाबायचं नाही, मारून सोडायचं."

"सोडतेच आहे की."

"धप्प म्हणजे दाबलं. टक् म्हणजे सोडलं."

कोच जुन्या गोदामाच्या सिमेंटच्या अंगणात क्लास घ्यायचा. मुळातच बारीक माणूस, त्यात बोलणंही काटकसरीचं. दोन वाक्यांच्या वर तिसरं वाक्य त्याने वर्गात कधी खर्च केलं नव्हतं. पण सहाव्या रविवारी त्याने एकदम पाच केली. पुढच्या रविवारी परीक्षा. जमिनीवर बागेचा रबरी पाइप ठेवणार. प्रत्येकाला तीन उड्या. चारही चाकं पाइपपलीकडे गेली, की माणूस आठ वाजताच्या वरच्या बॅचला. नाही गेली, तर सात वाजताच्याच बॅचला अजून सहा आठवडे.

लेकीला ऑली तिसऱ्या रविवारीच आली होती. ती पाइपच काय, पाइपवाल्याच्या डोक्यावरून गेली असती.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. लेक आठला, आपण सातला. म्हणजे बोलणी बंद.

त्या आठवड्यात त्यांनी स्वतःवर विद्यार्थी म्हणून कार्ड काढलं. त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेत प्रत्येक शिकाऊचं एक कार्ड असे आणि त्यावर रोजच्या चुका लिहिल्या जात. सोमवारी त्यांनी लिहिलं: 'चाळीस उड्या. चाळीस धप्प.' मंगळवारी: 'पंचावन्न. पंचावन्न. डावा कोपर.' बुधवारी पायात जाड बूट घालून पाहिले, गुरुवारी पातळ. गुरुवारीच इमारतीच्या पार्किंगमध्ये वॉचमनने विचारलं, "बाई, काही फोडायचंय का? मी हातोडा देतो." शुक्रवारी त्यांनी बोर्डाला लाथ मारली. बोर्ड शांतपणे घरंगळत जाऊन दुसऱ्याच्या स्कूटरखाली बसलं, आणि ते काढायला बाईंना सिमेंटवर पालथं पडावं लागलं. त्या दिवशी कार्डावर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या कुणाचं असं कार्ड असतं, तर बाईंनी त्याला प्रेमाने सांगितलं असतं की सायकल बरी.

शनिवारी सकाळी हेडमास्तरांचा धडा होता. हे निवृत्त हेडमास्तर, वय बासष्ट, चौथा महिना. गाडी भित्र्या गाईसारखी चालवायचे. त्या दिवशी वळणावर गाडी थांबली आणि हेडमास्तरांनी स्टीअरिंगवरचे हात खाली घेतले.

"बाई, आत्ता ब्रेक कुणी मारला?"

"तुम्हीच मारलात की सर."

"मी मारणार होतो. माझ्या आधी तुम्ही मारलात. चार महिने हेच चाललंय. गाडी थांबते, पण मी थांबवली की तुम्ही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. असं मूल चाळीस वर्षं एका वर्गात बसलं तरी पास व्हायचं नाही."

"अहो, माझा पाय नुसता ठेवलेला असतो."

"मग तो वर घ्या. मांडी घालून बसा."

"इथे? गाडीत?"

"वर्गात सगळे बसतात."

गंमत म्हणून बाईंनी बूट काढून सीटवर मांडी घातली. रस्ता रिकामा होता, एका बाजूला गवत. तरी पहिल्या शंभर पावलांतच गंमत संपली. पुढे कचऱ्याचा डबा आला. बाईंचा उजवा पाय मांडीखाली अडकलेला असूनही टाचेपासून कंबरेपर्यंत ताठ झाला आणि काहीच नसलेल्या जागी जोर काढू लागला. त्यांनी दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. डबा मोठा होत गेला, त्याच्यावर लिहिलेलं वाचता येऊ लागलं, आणि मग हेडमास्तरांनी स्वतः ब्रेक मारला. जरा उशिरा, जरा जोरात, पण स्वतः.

"बघा," हेडमास्तर घाम पुसत म्हणाले. आवाजात पास झालेल्या पोराची ऐट.

बाई मात्र आपल्या पायाकडे बघत होत्या. तो अजूनही दाबत होता. गाडी थांबून चुकली होती, तरी.

संध्याकाळी पार्किंगमध्ये त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. या वेळी उडीचा विचार सोडून दिला. फक्त मागचा पाय. आपट आणि मांडी घालायची असल्यासारखा वर ओढ. पहिले वीस धप्प. मग एक अर्धवट आवाज आला, धड ना हा धड ना तो. मग अचानक 'टक्'. बोर्ड उसळून त्यांच्या नडगीवर आदळलं, बाई खाली बसल्या, आणि डोळ्यांतून पाणी काढत तिथेच हसू लागल्या. वॉचमनने हातोड्याचं पुन्हा काही विचारलं नाही.

कार्डावर लिहिलं: 'टक्. सत्तरात नऊ.'

लेकीला त्यांनी सांगितलं नाही. ती जेवताना 'हं' म्हणाली, 'नको' म्हणाली, आणि झोपायला गेली.

रविवारी पाइप हिरवा होता आणि बाईंना वाटलं होतं त्याहून जाड. आधी लेकीची पाळी. बाई निवांत उभ्या होत्या, कारण काळजी स्वतःचीच होती. लेक आली, बसली, उडाली आणि पुढचं चाक पाइपवर आपटून उतरली. कोचने भुवया वर केल्या. दुसऱ्या वेळी बोर्ड एकीकडे, लेक दुसरीकडे. तिसऱ्या वेळी ती पाइपजवळ आली आणि 'धप्प' आवाज आला. नाक आभाळाकडे, शेपटी जमिनीला, मागचा पाय चिकटलेला. हुबेहूब. अगदी हातसुद्धा कपडे वाळत घालण्यासारखे.

कोच म्हणाला, "हे काय?" आणि वहीत फुली मारली.

लेक कठड्यापाशी येऊन उभी राहिली. बाई तिच्या जवळ सरकल्या.

"मुद्दाम केलंस."

"काय?"

"गाडी मुद्दाम बंद पाडणारी माणसं मी बावीस वर्षं बघतेय. मला शिकवू नकोस."

लेकीने बोर्डाचं चाक बोटाने फिरवलं. "मग काय करू? वरच्या बॅचला सगळे दाढीवाले आहेत. एकमेकांशीच बोलतात. आणि तू तर खालीच राहणार."

"मी खालीच राहणार?"

"आई, धप्प," लेक म्हणाली. म्हणाली समजुतीनेच, पण बाईंच्या छातीत काहीतरी एकदम गोड झालं आणि लगेच त्यावर मिरचीही पडली. पोरीला आपल्याबरोबर राहायचं होतं. पोरीने आपल्याला नापास धरूनही टाकलं होतं. या दोहोंतल्या कशाला धरून बसावं ते त्यांना कळेना.

"ताई," कोचने हाक मारली.

बाई बोर्डावर चढल्या. आता हिशेब अगदी सोपा होता. नापास व्हायचं. आठवडाभर ज्याच्या नावाने बोटं मोडली ते धप्पच आता हवं होतं. सातची बॅच, लेक, बोलणी, सगळं होतं तसं. त्यांनी पहिली उडी मारली. धप्प. काही लागलं नाही, काही दुखलं नाही. दुसरी, धप्प. उजव्या पायाला घरी आल्यासारखं वाटलं. कोचने न बघताच वहीत लिहिलं.

तिसऱ्या उडीला त्या मागे गेल्या आणि सहज लेकीकडे पाहिलं. लेक पाठ करून बसली होती. बुटांच्या नाड्या सोडत होती. निकाल लागून गेल्यासारखी.

पुढचं बाईंनी ठरवून केलं नाही, हे त्यांनी नंतर नवऱ्याला तीनदा सांगितलं. पाइप आला. त्या बसल्या, चवडा खाली गेला, आणि डोक्यात 'दाब' म्हणेपर्यंत पाय वर आलेला होता. टक्. पुढच्या पायाची कड बोर्डावरून खसकन घासत गेली. क्षणभर खाली कुठेच काही आवाज नव्हता. मग चारही चाकं एकदम जमिनीवर आली, पाइपच्या पलीकडे. बाई गुडघ्यात वाकून, हात ताणून, पार गोदामाच्या दारापर्यंत घरंगळत गेल्या, कारण बोर्ड थांबवायचं कसं ते त्या आनंदात विसरल्या.

कोचने वही मांडीवर ठेवून टाळी वाजवली. एकच. "पास. वरची बॅच."

"नाही नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मी खालीच राहते. मला खालची चालेल."

"जागा भरल्या. पास ते वर."

"हिची पुन्हा घ्या ना. तिला येते हो. तुम्ही स्वतः बघितलंय."

"सहा आठवड्यांनी."

लेक एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशी उभी होती. "आई!" तिचा आवाज चिरका झाला होता. "तू काय केलंस हे! आता काय करायचं?"

"तू मला धप्प म्हणालीस!"

"म्हणून तू पास होणार? माझ्यावर सूड म्हणून?"

"तुला कुणी सांगितलं होतं माझी नक्कल करायला? आणि हात माझे तसे नसतात."

"तस्सेच असतात!"

दोघी गाडीपर्यंत भांडत गेल्या. बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय दहा मिनिटांपूर्वी झाला होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं. जमलं ते नेमकं तेव्हा, जेव्हा नको होतं. आता सहा आठवडे आठ वाजता दाढीवाल्यांत उभं राहायचं, आणि तेही स्वतःच्याच पायामुळे. बोर्डं मागच्या सीटवर आदळत टाकली. गाडी शाळेचीच होती. लेक शेजारच्या, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाईंना वाटलं, झालं, आता घरापर्यंत 'हं'.

"मला सातला कोण सोडणार?" लेक म्हणाली.

"मी सोडेन."

"आणि मग तू तासभर काय करणार?"

"कठड्यावर बसेन."

"बघायचं नाही पण."

"नाही बघणार."

"आणि मी पण थांबेन मग तुझा तास. नाहीतर तू त्या दाढीवाल्यांसमोर हात तसेच करशील. माझी इज्जत जाईल." लेक जोरजोरात बोलत होती, तिची वाक्यं संपतच नव्हती. "आणि खाली उतरताना गुडघे वाकवले नाहीस तू आज. दिसत होतं मला."

"तू तर पाठ करून बसली होतीस."

"आवाजावरून कळतं."

पुढे चौक आला, दिवा पिवळा झाला. बाईंनी पाय ब्रेककडे नेला, पण तो टेकायच्या आतच गाडीला हिसका बसला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागून कुणीतरी हॉर्न मारला.

बाईंनी सावकाश शेजारी पाहिलं. लेकीचा उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. चांगला दाबून धरलेला.

"मी काही नाही केलं," लेक म्हणाली.

"बूट काढ," बाई म्हणाल्या, "आणि मांडी घालून बस."