पेडलला पाय न लावता

मिस्त्रींना सगळा बाजार ‘रेसवाले’ म्हणायचा आणि ते नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. चावी फिरवली की त्यांचा उजवा पाय पेडलवर पडलाच म्हणून समजा. घूंऽऽ, घूंऽऽ असे दोन दणके दिल्याशिवाय इंजिन नीट जागं होतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. चाळीस वर्षं हे खपून गेलं. मग मुख्याध्यापिकाबाईंची गाडी गॅरेजात दुरुस्तीला आली आणि त्या पायाने त्यांना पुरतं गोत्यात आणलं.

त्यांनी केलं होतं एवढंच की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, काढून लख्ख पुसली होती. झडप जुन्या गाड्यांसारखी तारेवर नव्हे, कॉम्प्युटरच्या हुकमावर हलणारी. बसवली, तर गाडी उभ्या जागी गुरगुरायला लागली. सकाळी ते बायकोला सांगूनच निघाले होते, की या नव्या गाड्या आपल्याच्याने व्हायच्या नाहीत, चारपर्यंत ही जमली नाही तर शटर ओढून कायमचा घरी बसतो. बोलताना सोपं वाटलं होतं. आता तीन वाजले होते आणि गाडी अजून गुरगुरतच होती.

शेवटी मानपान बाजूला ठेवून त्यांनी लेकीला फोन लावला. ती दूर एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिने समजावलं, की झडपेवर काजळी होती तेव्हा हवा पुरावी म्हणून कॉम्प्युटर ती जरा जास्त उघडायला शिकला होता. काजळी गेली तरी त्याची सवय गेली नाही, म्हणून त्याला नव्याने शिकवायचं. चावी अर्धी फिरवून थांबायचं, बंद करायची, मग गाडी चालू करून दहा मिनिटं कशालाही हातपाय लावायचे नाहीत.

हात्तिच्या, म्हणत मिस्त्री बसले. इंजिन सुरू झालं आणि घूंऽऽ.

“बाबा, पाय लावलात,” फोनमधून लेक म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बूट काढले, तर अनवाणी पाय पडला. तिसऱ्या खेपेला शहाणपणा करून बाहेरूनच, खिडकीतून चावी फिरवली. सहा मिनिटं बरी गेली. सातव्या मिनिटाला आवाज जरा बसल्यासारखा वाटला आणि या गृहस्थांनी दार उघडून, वाकून, पेडल चक्क हाताने दाबलं. लेकीने कपाळावर मारलेला हात फोनवरही ऐकू आला.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली, कारण जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. बाई उंचीने बेताच्या. मला गाडी शिकवा, असा त्यांचा वीस वर्षांचा लकडा होता आणि मिस्त्रींचं वीस वर्षांचं उत्तर ठरलेलं होतं, तुझे पाय पोचत नाहीत. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“माझे पाय पोचत नाहीत ना?” त्या म्हणाल्या. “मग मलाच बसवा की.”

मिस्त्रींनी दार उघडून धरलं. बाई सीटवर चढल्या, पाय अधांतरी लोंबकळले. लेकीने सांगितलं तशी चावी फिरवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मिस्त्रींच्या एका हातात डबा दिला होता, दुसऱ्यात फोन, म्हणजे हातांचाही बंदोबस्त झाला. तिसऱ्या मिनिटाला गुरगुर कमी झाली. सातव्याला इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा हजाराच्या खाली उतरला. दहा मिनिटं झाली तेव्हा इंजिन इतकं हळू चाललं होतं, की ते चालू आहे याची काट्याकडे बघून खात्री करावी लागली. मिस्त्रींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. शटर ओढायचं कारण संपलं होतं.

“झालं, उतर आता,” ते म्हणाले.

बाई उतरल्या नाहीत.

“अहो, ही सीट पुढे सरकते ना?”

सरकते, हे मिस्त्रींना वीस वर्षं ठाऊक होतं. डबा खाली ठेवून, गुडघ्यावर बसून त्यांनी खटका ओढला आणि बायकोसकट सीट पुढे ढकलली.

“आता लावू पाय?”

“लाव.”

घूंऽऽ, घूंऽऽ.

“बाबा, परत?” फोनमधून लेक वैतागली.

“मी नाही गं,” मिस्त्री म्हणाले. “तुझी आई आहे.”