न लवणारी पापणी

त्या काळी ठाण्याच्या खाडीकाठी नजर पोहोचेल तिथवर मिठागरं असत. होळीनंतरच्या उन्हात तिथं उभं राहिलं की पांढऱ्या झळीने डोळे आपोआप मिटत. बाया, गडी, सगळेच डोळे मिचकावत मीठ ओढायचे. त्या दिवशी कलावतीने मान वर केली तर समोर तिचा नवरा महिपत उभा होता, आणि त्याचे डोळे नुसते उघडे होते.

तिच्या हातातली फळी थांबली नाही. ती मीठ ओढत राहिली आणि बघत राहिली.

असे डोळे तिने पूर्वी पाहिले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूची, रंगूबाईची, पापणी लवेनाशी झाली होती. देवांची पापणी लवत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. गावाने रंगूबाईला देवी मानून नवरात्रात पाटावर बसवली, मळवट भरला, नारळ फोडले. कुंकू उडून डोळ्यांत बसे, ते ओल्या फडक्याने कलावतीच पुसायची. पुढे म्हातारीचा चेहरा थिजला, हात थरथरू लागले, पाऊल उचलेना. शेवटी घासही गिळता येईना, तरी लोक पायाच पडत होते.

दुपारी भाकरी सोडल्यावर कलावती म्हणाली, "अवो, डोळे मिटा बघू."

महिपतने मिटले.

"उघडा आता."

त्याने उघडले. मग ती त्याच्याकडे बघत बसली. तिच्या स्वतःच्या पापण्या कितीदा तरी लवल्या. त्याच्या लवल्या नाहीत.

"काय गो, खुळी झालीस काय?" तो हसला. हसू ओठांच्या पुढे सरकलं नाही.

"काय नाय. जेवा."

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. तिने आपली भाकरी संपवली.

असली गोष्ट गावात लपत नाही. चार दिवसांतच शेजारची गंगुबाई कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी राहिली.

"कलावते, देवी लेकाकडं आली गो! एवढं भाग्य, नि तू चुलीपुढं बसलीस?"

"देवी नाय ती. दुखणं हाय."

"अगं, जीभ झडंल!"

"झडू दे. रक्तातलं दुखणं हाय. आधी म्हातारीला झालं, आता ह्यांना. पाटावर बसवायचं तर माझ्या अंगणात नाय."

गंगुबाईने करंडा पदराखाली घेतला. दोन पावलं गेली आणि वळली. आवाज उतरवून म्हणाली, "रक्तातलं म्हणतेस, तर मग पोरीचे डोळे बघितलेस काय?"

कलावतीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

संध्याकाळी तिची सात वर्षांची नंदा फणी घेऊन आली आणि तोंड वर करून आईसमोर बसली. अंगणात अजून चांगला उजेड होता.

"पाठ कर इकडं," कलावती म्हणाली.

नंदा वळली. कलावतीने तिचे केस मोकळे केले, गुंता काढला, वेणी घातली. मग ती वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला लागली.