‘नष्ट केले’

नवीन जालन्यातल्या एका खासगी रुग्णालयात संशोधनासाठी जपलेले रक्ताचे नमुने नष्ट करायचे होते. दिवाळीच्या सुट्टीत मोठा फ्रीजर बंद पडला, कोणाच्या लक्षात आले नाही, आणि आतले सगळे वितळले. अशा वेळी बाहेरचा एक साक्षीदार लागतो. मी अंबडच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. नाही म्हणणे जमत नाही, म्हणून रुग्णालयाच्या समितीवर होतो.

मी पोचलो तेव्हा नळ्यांचे फोटो काढून झाले होते आणि नळ्या वाफेच्या यंत्रात गेल्या होत्या. मोठ्या कुकरसारखे ते यंत्र फुसफुसत होते. प्रयोगशाळेच्या तृप्ती मॅडमनी कागद पुढे केला.

“सही करा सर, मग चहा घेऊ.”

कागदावर छापले होते : ‘वरील सर्व नमुने माझ्यासमोर नष्ट केले.’

“हे ‘केले’...” मी चाचरलो. “अजून तर चालू आहे ना? चुकत असेन तर सांगा.”

“सर, तुम्ही नमुने बघायला आलात की काना-मात्रा?” त्या हसल्या.

“म्हंजे अजून केलं न्हाई?”

दारात एक बाई उभी होती. पोट नुकते दिसू लागलेले.

ती अंकुशनगरची दैवशाला. तिची पहिली मुलगी, छकुली, दोन वर्षांची होऊन वारली. आधी मान धरेना, मग घास गिळेना. आजाराचे नाव कोणालाच सांगता आले नाही. तिचे रक्त इथे ठेवलेले होते. त्यातला दोष सापडला तर पोटातल्या बाळातही तो आहे का, हे तपासता येईल, असे सांगून दैवशालाला आज बोलावले होते. फ्रीजर बिघडल्याचे तिला कळवायचे राहून गेले.

“काका, तुम्हीच म्हणले ना आत्ता? होऊन राह्यलंय, झालं न्हाई. मंग बंद करा की जल्दी. तिची एकच नळी काढून द्या.”

मॅडमचा चेहरा उतरला. “ताई, त्यात आता काही उरलेलं नाही. एकदा वाफ लागली की संपलं.”

ती माझ्याकडेच बघत राहिली. “काका?”

“मॅडम म्हणतात ते खरं आहे,” मी म्हणालो.

“मंग त्यांनी ‘केले’ बराबरच लिव्हलंय की.”

यंत्र थांबेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मॅडमनी दिलेला चहा तिने हातातच निवू दिला.

“सासू म्हणती, पाडून टाक. मालक म्हणतेत, राहू दे. म्हणलं, छकुलीचं रक्त काय म्हणतं ते बघून येते.”

यंत्र थांबले. मी सही केली. कागदात छकुलीचे नाव आहे का, असे तिने विचारले. नाव नव्हते, नुसता नंबर होता. तिने त्यावर बोट ठेवले आणि उचलले.

परतीची बस आमची एकच निघाली. अंबडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी उतरायला उठलो तेव्हा तिने सदऱ्याची बाही धरली.

“काका, कोणाचं ऐकू?”

“मला कळत नाही गं,” मी म्हणालो.

“मलाबी न्हाई,” ती म्हणाली आणि बाही सोडली.