शून्याखाली न उतरणारा शब्द

“जो आकडा शून्याखाली कधी उतरणारच नाही, त्याच्यापुढे अनसाइन्ड लाव. उण्याच्या चिन्हासाठी उगीच जागा कशाला अडवायची?”

भालचंद्र सरांचा तो शांत आवाज मला अजून आठवतो. संगणकाच्या वर्गात त्यांनी हे सोनाळा गावच्या योगिनीला सांगितले आणि तिथून माझी सोनाळ्याची वाट सुरू झाली.

मित्रांनो, मी सी भाषेतला एक जुना शब्द आहे. माझे नाव अनसाइन्ड. इंट म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचे भांडे. आम्ही चार भावंडे त्या भांड्याच्या पुढे उभी राहतो. शॉर्ट म्हणतो, भांडे लहान घ्या. लाँग म्हणतो, मोठे घ्या. साइन्डच्या भांड्यात अधिकही मावते आणि उणेही. माझ्या भांड्यात उणे मावत नाही, पण उण्याची ती जागाही मी मोजणीसाठी वापरतो, म्हणून त्याच मापात मी जवळजवळ दुप्पट उंच मोजतो. माझा स्वभाव मात्र एक आहे. मला शून्याच्या खाली ढकलले, की मी थेट माझ्या सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन बसतो. जुन्या मोटारीच्या मीटरची चाके शून्यावरून मागे फिरवली तर सगळे नऊ दिसतात ना, तसेच.

सोनाळ्यात शेळ्या पाळणाऱ्या बायकांचा एक गट होता. त्यांची लसीची पेटी सोजराबाईंच्या ओसरीवर असायची. पेटी म्हणजे जुना फ्रीजच. योगिनीने त्याला एक इवलासा संगणक जोडला. आत गरम झाले की लाल दिवा लागायचा आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. पेटीतल्या तापमानापुढे तिने मलाच उभे केले. सोनाळ्याच्या उन्हात शून्याखाली काय जाणार, असे तिला वाटले. कुणालाही तसेच वाटले असते.

उन्हाळाभर मी नेकीने काम केले. बायका कौतुकाने म्हणायच्या, “पोरीनं पेटीले अक्कल देली व!” ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

मग एके दिवशी सकाळीच वीज गेली. लस गरम झाली तर वाया जाईल, या काळजीने सोजराबाईंनी बर्फाची लादी आणवली. त्यांचे यजमान पूर्वी जत्रेत कुल्फी विकायचे. ते पाहून लागलेल्या सवयीने सोजराबाईंनी लादी फोडली, बर्फात मूठ मूठ खडे मीठ टाकले आणि ते पेटीच्या कडेकडेने गच्च भरले. मीठ घातलेला बर्फ शून्याच्याही खाली उतरतो. कुल्फीला ते बरे, पण ही लस गोठली की निकामीच होते.

दुपारी वीज आली. पेटीच्या कडेला लावलेल्या, तापमान मोजणाऱ्या तारेने मला उणे आकडा दिला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे शेंड्यावर जाऊन बसलो. झाले, पेटीला ती भयंकर गरमी वाटली, लाल दिवा लागला आणि कॉम्प्रेसर घरघरू लागला. ते पाहून सोजराबाईंनी आणखी बर्फ टाकला, आणखी मीठ टाकले. जितके गार होई, तितका दिवा लालच.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवरून गोजरबाई बोलत होत्या. मागच्या साली लस मिळाली नाही म्हणून त्यांच्या शेळ्या मेल्या होत्या. उरलेल्या दोन गाभण होत्या, आणि स्वतः गोजरबाईंचा पाय प्लास्टरमध्ये.

“सोजरे, लस हाये ना व? मले तं येता येत नाही.”

सोजराबाईंनी लाल दिव्याकडे पाहिले. “हाये. तू काळजी नको करू. उद्या सकाळी मी सोता घेऊन येतो तुया दारात.”

फोन ठेवून त्यांनी योगिनीला हाक मारली. “काऊन व, एवढा बर्फ टाकला तरी गरमच होऊन राह्यलं?”

योगिनीने दार उघडून आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. “मावशी, हे तं गोठून राह्यलं!” तिने आधी प्लग उपसला, मग मिठाचा बर्फ भराभरा बाहेर ओतला. मग संगणक लावून माझा आकडा पाहिला. पासष्ट हजारांच्याही वर! ती कपाळाला हात लावून म्हणाली, “एवढ्या गरमीत तं पेटीही इतळून जाईन.”

जनावरांच्या डॉक्टर शरयूताईंना निरोप गेला. त्या येईपर्यंत सोजराबाईंनी पाण्याचा घोट घेतला नाही. देवापुढे डोळे मिटून बसल्या होत्या.

शरयूताईंनी मधल्या टोपलीतली एकेक बाटली उजेडात धरून हलवली. शेजारी ठेवलेली साध्या पाण्याची बाटलीही पाहिली. तिच्यात बर्फाचा कणही नव्हता. थंडी कडेलाच अडली होती.

“लस शाबूत आहे,” त्या म्हणाल्या. “पण मावशी, लसीची कुल्फी करायला निघाला होतात की काय?”

“हसा बाई, हसा. मायं तं काळीज पानी झालं होतं,” असे म्हणत सोजराबाई स्वतःच हसू लागल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, त्या हसण्याने माझ्याही जिवावरचे ओझे उतरले. योगिनीने माझ्या जागी साइन्डला उभे केले. मला पुसून टाकतील अशी भीती होती. पण तिने मला टोचलेल्या शेळ्यांच्या मोजणीवर नेमले. तिथे उणे कधी येत नाही. मी सुखात आहे. तुम्ही मला जरूर वापरा, एवढेच मागणे आहे की वापरण्याआधी, वाईटात वाईट दिवशी तो आकडा कुठवर उतरेल, हे एकदा शांतपणे मनात आणा. आणि आम्हा भावंडांपैकी ज्याचे जे काम, ते त्याला द्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सोजराबाईंनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. लसीचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून डोक्यावर घेतला, लस टोचणाऱ्या ताईला सोबत घेतले, आणि त्या डोंगराच्या वाटेला लागल्या.