ईशान्य कोपऱ्यातला बर्फ

१९९७च्या जानेवारीत, बडोद्याच्या अकोटा भागातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, नव्या फ्रिजच्या फ्रीझरमधला बर्फ रोज पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत वितळत असे आणि दुपारी ऊन तापले की पुन्हा गोठत असे.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती अहल्याबाईंच्या. थंडीत तुरीच्या शेंगा स्वस्त होतात. त्या आणून, दुपारभर गॅलरीत उन्हाला बसून सोलून, ते ओले दाणे, बडोद्यात ज्यांना सगळे लीलवा म्हणतात, अहल्याबाईंनी पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये रचले होते. मे महिन्यात लेक मुलांना घेऊन माहेरी आली की तिला लीलव्याची कचोरी करून घालायची, हा त्यांचा शिरस्ता. दाणे पिशवीत सुटे खुळखुळायला हवेत. एके दिवशी जेवणानंतर त्यांनी पिशवी बाहेर काढली, तर हातात वीट आली.

"मोहना, हे बघ. आणि जरा वास घे."

मोहना, म्हणजे त्यांची सून, कारेलीबागेतल्या एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे. तिने वास घेतला. आंबूस होता.

"हे वितळून पुन्हा गोठलेत, आई."

"वितळतील कसे? बाहेर हुडहुडी भरतेय!"

हाच खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर घरात एकाच माणसाकडे तयार होते. अहल्याबाईंचे धाकटे दीर जयवंतराव प्रतापनगरच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून वास्तुशास्त्राच्या वर्गाला जात होते. रोज सकाळी स्कूटरवरून चहाला येत, ते खिशात होकायंत्र घेऊनच. दिवाळीत हा दोन दारांचा फ्रिज आला आणि स्वयंपाकघरात मावेना म्हणून पूर्वेच्या गॅलरीच्या ईशान्य कोपऱ्यात उभा राहिला, तेव्हाच त्यांनी नापसंती नोंदवली होती. जुना एकदारी फ्रिज त्यांनी स्वतःच्या घरी नेला होता आणि तो तिथे विनातक्रार चालत होता, ही गोष्ट ते चहाबरोबर रोज आठवणीने सांगत.

"वहिनी, ईशान्य ही पाण्याची दिशा. तिथे ठेवलेल्या बर्फाचं पाणीच व्हायचं."

"पण काका, दुपारी त्याच पाण्याचा बर्फ होतो," मोहना म्हणाली.

"दुपारी सूर्य फिरलेला असतो ना!"

या उत्तरात पुढे जेवढे तथ्य निघाले, तेवढे जयवंतरावांना मुळीच अभिप्रेत नव्हते.

त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता. फ्रिज गॅलरीतून उचलायचा आणि बाहेरच्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात ठेवायचा. त्या कोपऱ्यात मोहनाचे टेबल होते. साध्या सागवानी फळीचे, एका बाजूला खण असलेले ते टेबल म्हणजे त्या घरात सर्वस्वी तिची अशी एकमेव जागा. तिथे ती उत्तरपत्रिका तपासी आणि रात्रीची भांडी आवरली की पीएच.डी.च्या प्रबंधाचे एखादे पान पुढे ढकली. दुसरीकडे कुठे ते बसत नव्हते. टेबल सुटे करून माळ्यावर टाकायचे आणि मोहनाने जेवणाच्या टेबलावर लिहायचे, असे जयवंतरावांनी परस्पर ठरवूनही टाकले. त्यांच्या मते धनुर्मासात वस्तू हलवणे बरे नव्हे. म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारचा, सूर्योदयाआधीचा मुहूर्त निघाला.

उन्मेष, मोहनाचा नवरा, भांडणात न पडण्याच्या कलेत पारंगत होता.

"काका म्हणतात तर सरकवून बघू. बिघडतंय काय?"

"माझं टेबल बिघडतंय. आणि समजा, सरकवल्यावर बर्फ टिकला, तर?"

"तर उत्तमच की!"

"तेच मला नकोय. जागा बदलेल, भिंत बदलेल, प्लग बदलेल, वारा बदलेल. चार गोष्टी एकदम बदलायच्या आणि गुण मात्र दिशेला द्यायचा. मग माझं टेबल माळ्यावरून या जन्मात खाली येत नाही."

उन्मेषने वर्तमानपत्र थोडे वर धरले.

आधी मिस्त्रीला बोलावले. तो भर दुपारी आला. फ्रीझर उघडून त्याने बर्फावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाला, "बेन, आ तो फस्ट क्लास चाले छे!" तरीही जाता जाता गॅस भरून घेण्याचा सल्ला द्यायला तो विसरला नाही.

"अरे भाई, दुपारी तो शहाणाच असतो. तुम्ही पहाटे येऊन बघा," अहल्याबाई म्हणाल्या.

"सवारे पांच वागे तो मने घरे चा पण नथी मळती, बा," असे म्हणून तो गेला. पहाटे पाचला घरीही चहा न मिळणारा माणूस दुसऱ्याच्या फ्रिजसाठी कशाला येईल!

मोहनाने मग शाळेत शिकवते त्याच क्रमाने काम हाती घेतले. दार नीट मिटत नसेल, अशी पहिली शंका. रबराच्या पट्टीत कागदाचा कपटा धरून तिने दार लावले आणि कपटा ओढला. चारही बाजूंनी तो घट्ट अडकला. रात्री वीज जात असेल, ही दुसरी. पण वीज गेली की व्हीसीआरचे घड्याळ बारावर येऊन लुकलुकत बसे, आणि ते तर रोज सकाळी बरोबर वेळ दाखवत होते. बर्फ खरोखर रोज वितळतो की एकदाच कधीतरी वितळला, ही तिसरी. त्यासाठी तिने एका वाटीत पाणी गोठवले, बर्फावर रुपयाचे नाणे ठेवले आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून दिली. बर्फ टिकला, तर नाणे वरच राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेतून घरी येताच, तिने वाटी काढली. बर्फ काचेसारखा टणक होता आणि नाणे वाटीच्या तळाशी होते.

जयवंतराव नेमके त्या दिवशी दुपारीही आले होते. त्यांनी वाटी प्रकाशाकडे धरून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"लक्ष्मी बुडाली! वहिनी, अजून काय पुरावा पाहिजे?"

"रुपया तुमचा नाही, भावजी. मोहनाचा आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "चहा घ्या."

नाणे वाटीतच राहू देऊन मोहनाने सासूबाईंना विचारले, "आई, नीट आठवून सांगा. दिवाळीनंतर फ्रिजला कोणी काही केलंय का? काही बदललंय?"

"छे गं. मी पुसते तेवढंच."

हे उत्तर अगदी प्रामाणिक होते, आणि त्यामुळेच तपास आणखी काही दिवस लांबला.

संक्रांत झाली. गच्चीवर पतंग उडवून उन्मेषची बोटे मांज्याने कापली, तिळगुळाचे डबे रिकामे झाले आणि मुहूर्ताचा रविवार जवळ आला. शनिवारी पहाटे मोहना शाल गुंडाळून गॅलरीत गेली. प्रयोगशाळेतून मागून आणलेली तीन तापमापके तिने रात्रीच जागोजागी ठेवली होती. विश्वामित्री नदीच्या बाजूने बोचरा वारा येत होता. गॅलरीतले तापमापक नऊ अंश दाखवत होते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातले, आठ. फ्रीझरमधले, दोन, आणि तेही शून्याच्या वर. वाटीत पाण्यावर बर्फाची एक चकती तरंगत होती.

ती काही वेळ नुसती ऐकत उभी राहिली. ऐकू येण्यासारखे काहीच नव्हते. फ्रिज घुमत नव्हता. तिने मागच्या काळ्या जाळीला हात लावला. ती चालू फ्रिजची असते तशी कोमट नव्हती, लोखंडी कठड्याइतकीच गार होती. कॉम्प्रेसर बराच वेळ चाललाच नव्हता. बिघडला म्हणावे, तर दुपारी तो व्यवस्थित चालत होता. म्हणजे त्याला रात्री कोणी 'चल' असे सांगितलेच नव्हते.

हे सांगण्याचे काम ज्याचे, तो थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात होता. मोहनाने दार उघडले आणि त्याच्या बटणाकडे प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. काटा एकवर होता.

"आई! हा काटा एकवर कोणी केला?"

अहल्याबाई देवासमोर निरांजन लावत होत्या. "मीच. देवदिवाळीला."

"पण मी विचारलं होतं ना, काही केलंय का म्हणून?"

"हे काय करणं झालं? देवदिवाळी आली की रजया काढायच्या, पंखे पुसून घ्यायचे आणि फ्रिजचा काटा एकवर. होळीला तीन, अक्षय्यतृतीयेला पाच. वीस वर्षं करतेय मी. थंडीत कशाला हवं जास्त गार?"

मोहनाला हसू आले, पण तिने ते आवरले, कारण विधान हसण्यासारखे नव्हते. जुन्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटची नळी बर्फाच्या डब्यालाच बांधलेली होती आणि तो फ्रिज चुलीच्या उबेत, स्वयंपाकघरात उभा असे. तिथे हे पंचांग बिनचूक चालत होते. वीस वर्षांच्या निरीक्षणावर उभा असलेला नियम होता तो. फ्रिज बदलला, जागा बदलली आणि नियम तेवढा मागे राहिला.

दुसरी गोष्ट तिला सुचली आणि शालीतही तिच्या अंगावर काटा आला. फ्रिज उचलून घरात ठेवला, तर तिथली उबदार हवा खालच्या कप्प्याला तापवेल, कॉम्प्रेसर चालेल आणि बर्फ टिकेल. जयवंतरावांचा उपाय लागू पडणार होता.

"काटा फिरवू का आता?" अहल्याबाईंनी अपराधी चेहऱ्याने विचारले.

"उद्यापर्यंत राहू दे, आई. लीलवा शेजारी मृदुलाताईंच्या फ्रिजमध्ये ठेवू. उद्या काकांना यायचंय ना."

रविवारी, अजून फटफटायचे होते तेव्हा, जयवंतराव कानटोपी घालून हजर झाले. उन्मेष बाह्या सरसावून, डोळे चोळत उभा होता. बाहेरच्या खोलीत मोहनाच्या टेबलावरची पुस्तके होती तशीच होती.

"हे काय? टेबल रिकामं नाही केलं? मुहूर्त टळेल, मोहना."

"दोन मिनिटं, काका. आधी एक सांगा, फ्रिज चालू आहे का?"

जयवंतरावांनी कान लावला. "नाही. मेलाय. मी तेच सांगतोय."

मोहनाने खालचे दार उघडले. आतल्या भिंतीवर चिमटीत बसवलेली थर्मोस्टॅटची तांब्याची बारीक नळी तिने दाखवली. "हिच्यावर अंगठा ठेवा. हातमोजा काढून."

"शॉक बसेल!"

"भावजी, आयुष्यभर रेल्वेत काढलंत आणि अंगठ्याला भिता?" अहल्याबाई मागून म्हणाल्या.

जयवंतरावांनी अंगठा ठेवला. उन्मेषने जांभई दिली. मिनिटभर काहीच झाले नाही आणि जयवंतरावांच्या चेहऱ्यावर विजयाची छटा उमटू लागली. तेवढ्यात आत कुठेतरी 'टक्' झाले, फ्रिजचे अंग किंचित थरथरले आणि तो घुमू लागला.

जयवंतरावांनी अंगठा काढून निरखून पाहिला.

"माझ्या अंगठ्यानं?"

"तुमच्या अंगठ्याच्या उबेनं. त्याला वाटलं, आत गरम झालंय."

"मग फ्रिज आग्नेयेला नेला तर?"

मोहनाला खोटे बोलण्याची सोय होती. ती तिने घेतली नाही. "तर बर्फ टिकेल, काका. तुमचा उपाय लागू पडला असता. वायव्येला नेला तरी टिकला असता, आणि नैर्ऋत्येलाही. घरात कुठेही. म्हणून तर मला कारण आधी शोधायचं होतं."

रेल्वेत जयवंतरावांनी पुष्कळ चौकशी अहवाल वाचले होते आणि बरा अहवाल कोणता, हे त्यांना कळत असे.

"गॅलरीतच ठेवून टिकवून दाखव," ते म्हणाले. "नाणं मी ठेवणार. माझं."

मोहनाने काटा चारवर नेला आणि गॅलरीच्या कठड्याच्या वर गुंडाळून बांधलेला बांबूचा पडदा, वारा अडावा म्हणून, रात्री खाली सोडायचे ठरले. जयवंतरावांनी खिशातून दोन रुपयांचे नाणे काढून नव्या वाटीतल्या बर्फावर ठेवले. सोमवारी पहाटे थंडी तेवढीच होती. ते चहाच्या आधी आले, थेट फ्रीझरकडे गेले आणि वाटी घेऊन बाहेरच्या खोलीत आले. नाणे बर्फावर जसेच्या तसे होते. ते बोटाने उचलायला गेले, तर निघेना.

"लक्ष्मी स्थिर झाली," अहल्याबाई म्हणाल्या. "आता टेबलाचं काय म्हणता, भावजी?"

"असू दे तिथेच. आग्नेय दिशा अभ्यासाला तशी वाईट नाही," जयवंतराव म्हणाले आणि वाटी त्यांनी मोहनाच्या टेबलावर, प्रबंधाच्या कागदांपासून बेताच्या अंतरावर ठेवली.

कारण असे होते. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर एकच होता आणि तो खालच्या कप्प्यातल्या थर्मोस्टॅटच्या हुकमाने चाले. वरच्या फ्रीझरमध्ये काय चालले आहे, हे त्या थर्मोस्टॅटला कळत नसे. काटा एकवर असताना खालचा कप्पा आठ-नऊ अंशांवर राहिला, तरी त्याचे समाधान होई. उघड्या गॅलरीतली हवा रात्री स्वतःच नऊ अंशांवर उतरत असल्यामुळे तो कप्पा तापतच नसे, कॉम्प्रेसर रात्रभर बंद राही आणि फ्रीझर हळूहळू शून्याच्या वर जाई. सकाळी गॅलरीत ऊन आले की खालचा कप्पा तापे, कॉम्प्रेसर चाले आणि दुपारपर्यंत पाण्याचा पुन्हा बर्फ होई.